बंदूक कुरिअरने येत नाही

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातला शेतकरी, वय ५२. घर गावापासून लांब, मळ्यात आहे. आमच्या भागात गव्यांचाही त्रास आहे. दोन वर्षं खेटे घातल्यावर स्वसंरक्षणासाठी .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. दुकानात चौकशी केली तर किंमत लाखाच्या वर सांगितली, वर थांबायला सांगितलं. परवान्यावरची खरेदीची मुदत संपायला दोनच महिने आहेत. इन्स्टाग्रामवर ‘.३२ रिव्हॉल्व्हर ४५ हजार, लायसन्सवाल्यांना होम डिलिव्हरी’ अशी जाहिरात दिसली. परवान्याचा आणि आधारचा फोटो पाठवला, ५,००० रुपये टोकन दिलं, मग ‘ट्रान्सपोर्ट परमिट’चे १३,५०० दिले. याला नऊ दिवस झाले. आता ‘क्राइम ब्रँचमधून बोलतोय’ म्हणून हिंदीतून फोन येतात, ४०,००० द्या नाहीतर बेकायदा शस्त्र खरेदीची केस टाकतो म्हणतात. घरात कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांकडे गेलो तर मीच आत जाईन का? ऑनलाइन घेणं मुळात गुन्हा आहे का? टेक्सासला असलेला भाचा म्हणतो तिकडे सगळे ऑनलाइनच घेतात. मुलगी नेमबाजी शिकते, तिच्यासाठी एअर रायफल ऑनलाइन मागवली तर चालेल का? चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. – एक वाचक

उत्तर : त्या ४०,००० मधला एक रुपयाही देऊ नका. खरा पोलीस अधिकारी केस मिटवायला यूपीआयवर पैसे मागत नाही, आणि एखाद्याने मागितलेच तर तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा विषय होतो, तुमचा नव्हे. ज्याने रिव्हॉल्व्हर विकायचं नाटक केलं, तोच किंवा त्याच्याच शेजारी बसलेला दुसरा कुणीतरी आता पोलिसाचं नाटक करतोय. हे वाचून झालं की १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. नऊ दिवसांनी पैसे परत मिळण्याची आशा मी फार दाखवत नाही. पैसे निघाल्यावर पहिल्या काही तासांत फोन गेला, तर पुढच्या खात्यात ते अडकवता येतात. पण तक्रारीची तारीख आणि क्रमांक हातात असणं तुमच्यासाठी १८,५०० रुपयांपेक्षा जास्त मोलाचं आहे. कसं ते सांगतो.

तुमच्या भीतीचं आधी बोलू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक मिळवणं किंवा जवळ बाळगणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड आहे. तुमच्याकडे परवाना आहे आणि शस्त्र तुमच्या हातात आलेलंच नाही. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यातच सांगून ठेवलं आहे. जी वस्तू बहुधा अस्तित्वातच नव्हती, तिचा ताबा कुठून येणार? शिवाय कलम ३ खालचा खटला चालवायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. फोनवरच्या ‘साहेबां’ना असली केस कुणावरही टाकता येत नाही.

पण सगळंच गोड बोलून तुम्हाला मोकळं करणार नाही. तुमचे स्क्रीनशॉट मी दोनदा वाचले. त्यात तो लिहितो, ‘बिल बाद में’, आणि तुम्ही लिहिता, ‘चालेल’. ही एक ओळ मला बोचते. कारण त्याच कायद्यात कलम २९ आहे. समोरच्याकडे विक्रीचा परवाना नाही हे ठाऊक असताना त्याच्याकडून शस्त्र विकत घेतलं, तर तो वेगळा गुन्हा होतो. तुमच्या खिशात परवाना आहे म्हणून तो माफ होत नाही. तुमच्या बाबतीत खरेदी पूर्ण झाली नाही, हे नशीब. उद्या ती गावठी वस्तू खरंच दारात आली असती, तर मला हे उत्तर फार वेगळं लिहावं लागलं असतं. नंबर नसलेलं किंवा नंबर घासलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडतं, त्यानेच तो नंबर घासला असं कायदा गृहीत धरतो. मी घासला नाही, हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर येतं. कलम ८ बघा.

म्हणून त्या चॅटला हात लावू नका. ‘चालेल’ ही ओळ खोडावी असं तुम्हाला वाटेल, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटतं. खोडलेला मेसेज बऱ्याचदा परत मिळवता येतो, आणि मग फसवलेला माणूस पुरावा नष्ट करणारा दिसू लागतो. फोन आहे तसा ठेवा. त्या पेजचं नाव, नंबर, यूपीआय आयडी, बँकेचा उतारा, आलेल्या फोनच्या वेळा एका वहीत लिहून काढा आणि पोलीस ठाण्यात जा. राधानगरी असो की कोल्हापुरातलं सायबर पोलीस ठाणं, हद्दीच्या कारणावरून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावा लागतो. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ३१९, धमकावून पैसे मागण्यासाठी ३०८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. ही कलमं तुम्ही पाठ करू नका, पण लेखी तक्रारीत धमकीचा भाग सविस्तर येऊ द्या. नाहीतर ‘पैसे गेले’ एवढंच लिहून घेतलं जातं.

आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. शस्त्र कायद्याखालचा गुन्हा घडतोय हे ज्याला कळलं, त्याने जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे, असं कलम ३६ सांगतं. न कळवण्याचं योग्य कारण होतं हे सिद्ध करणंही त्याच्यावरच. म्हणजे तुम्ही आज गेलात तर कर्तव्य केलेले तक्रारदार ठरता. आणखी दोन महिने गप्प बसलात, आणि तो माणूस दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात पकडला जाऊन त्याच्या फोनमध्ये तुमचा परवाना सापडला, तर उत्तरं देण्याची पाळी तुमच्यावर येईल.

परवान्याच्या फोटोवर तुमचं नाव, पत्ता, फोटो आणि यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक आहे. तो आता पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला जात असणार : हे बघा, कोल्हापूरचे पाटील साहेब आपलेच ग्राहक! (तुमचं आडनाव पाटील आहे की नाही मला ठाऊक नाही, पण त्यांच्या जाहिरातीत ते असतंच.) नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला एक साधा अर्ज द्या. परवान्याची प्रत अमुक तारखेला फसवणुकीने घेतली गेली, तक्रार क्रमांक हा, तिचा वापर कुठे आढळल्यास माझा संबंध नाही. पोचपावती घ्या. आणि चुकून एखादं पार्सल आलंच, तर सही करू नका, उघडू नका, ११२ ला फोन करा.

आता दुकान की ऑनलाइन. किमतीतला फरक बघून तुम्ही हुरळलात, यात तुमचा दोष मी फार धरत नाही. ट्रॅक्टरचे सुटे भाग, फवारणीचा पंप, सगळंच फोनवर मागवायची सवय लागली आहे. पण बंदुकीचा व्यवहार वस्तूवर होत नाही, तो परवाना पुस्तिकेवर होतो. दुकानदार तुमची मूळ पुस्तिका हातात घेतो, यूआयएन तपासतो, तुमचा चेहरा आणि फोटो जुळवतो, शस्त्राचा नंबर पुस्तिकेत आणि स्वतःच्या रजिस्टरात चढवतो, बिल देतो. मग ते शस्त्र तुम्ही परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला दाखवता. घेणाऱ्याला अधिकार आहे की नाही हे न बघता शस्त्र हवाली केलं, तर कलम २९ दुकानदारालाही पकडतं. झेरॉक्सवर कुणीच शहाणा दुकानदार बंदूक देत नाही ती यामुळे. तुम्हाला जो लाखाच्या वरचा भाव सांगितला, त्यात या नोंदींचीही किंमत आहे. उद्या त्या शस्त्रातून गोळी सुटली, चोरीला गेलं, किंवा निवडणुकीत जमा करायला सांगितलं, तर कामाला येतो तो कागदच.

याचा अर्थ इंटरनेटचा काहीच उपयोग नाही असा नव्हे. आपल्याकडची बरीच .३२ रिव्हॉल्व्हरं कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनतात. पूर्वी तो ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचा होता, ऑक्टोबर २०२१ पासून अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. माहिती बघणं, चौकशी करणं, बुकिंग करणं हे संगणकावरून होऊ शकतं. पण शस्त्र हातात येतं ते मूळ परवाना दाखवून, कारखान्यातून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडून. ‘होम डिलिव्हरी’ हा शब्द दिसला की तिथेच थांबायचं. आणि ‘इम्पोर्टेड ग्लॉक’ दिसलं तर दोनदा हसायचं. एकतर १९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही, ती सवलत नामांकित नेमबाजांना आहे. दुसरं, ग्लॉक पिस्तूल बहुधा ९ एमएमचं असतं, आणि ९ एमएम हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतला व्यास) आहे. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊच शकत नाहीत.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. अमेरिकेत दुकानाच्या संकेतस्थळावर पैसे भरता येतात, पण परराज्यातल्या विक्रेत्याकडची बंदूक ग्राहकाच्या दारात येत नाही. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टमुळे ती त्याच्या गावच्या परवानाधारक विक्रेत्याकडे जाते. तिथे जाऊन ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, विक्रेता पार्श्वभूमी तपासून घेतो, मगच बंदूक हातात. म्हणजे टेक्सासमध्येही शेवटी काउंटरसमोर उभं राहावंच लागतं. आपल्याकडे ती तपासणी परवाना देतानाच होते, एवढाच काय तो फरक. तो दोन वर्षांच्या खेट्यांत तुम्ही चांगलाच अनुभवलाय.

पैशाचीच अडचण असेल तर कायदेशीर मार्ग आहे, आणि मला तो ऑनलाइनपेक्षा बरा वाटतो : जुनं शस्त्र. अनेक घरांत आजोबा-वडिलांचं शस्त्र पडून असतं आणि पुढच्या पिढीला नको असतं. परवानाधारक माणूस आपलं खाजगी शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो, त्यासाठी दुकानाचा परवाना लागत नाही. मात्र कलम ५ प्रमाणे त्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा इरादा लेखी कळवायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. तुमचे दोन महिने आणि हे ४५ दिवस, हिशोब अगदीच ओढाताणीचा आहे. त्यापेक्षा काही दुकानदार जुनी शस्त्रं ठेवतात, तिथे विचारा. बोअर परवान्यावर लिहिलेलाच हवा आणि नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. आणि बघताना तुमच्या विश्वासातला एखादा जाणकार सोबत न्या.

बेळगावकडे स्वस्त मिळतं, असं कुणीतरी पारावर सांगेलच. तुमच्या परवान्याची क्षेत्र-मर्यादा आधी वाचा. ती महाराष्ट्रापुरती असेल तर कागल सोडून निपाणीच्या बाजूला गेलात की शस्त्राच्या बाबतीत तुम्ही बिनपरवान्याचे. कानपूरचंही तेच. क्षेत्र वाढवून घ्या किंवा इथल्या दुकानदारामार्फत मागवा.

गव्यांचा उल्लेख तुम्ही सहज केलात, पण त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर पिकातल्या गव्यावर गोळी झाडलीत तर वनखातं आणि पोलीस दोघेही दारात येतील. शिवाय .३२ ची गोळी लागून बिथरलेला गवा काय करेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पिकाचं नुकसान झालं की वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

मुलीच्या रायफलची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आपल्या कोल्हापूरच्या, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे तर तुमच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तेव्हा तिचा हट्ट मला कळतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ एमएम म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. १० मीटर स्पर्धेची रायफल यातच बसते. अशी रायफल ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, पण विक्रेता ओळखपत्र मागणारा, बिल देणारा असावा, आणि बिलावर बोअर लिहून घ्या. ‘ताकदवान आहे’ म्हणून कुणी ५.५ एमएमची गळ्यात मारेल, तिला परवाना लागतो. तरी पहिली रायफल तिने प्रशिक्षकासोबत जाऊन खांद्याला लावून बघावी असं मी म्हणेन, पण हा कायद्याचा नव्हे, एका बापाचा सल्ला समजा.

राहिली खरेदीची मुदत. ती संपायची वाट बघू नका. गृह शाखेत फसवणुकीचा अर्ज द्यायला जाल त्याच दिवशी मुदतवाढीचा वेगळा अर्ज द्या, सोबत दुकानदाराकडून ‘शस्त्र सध्या उपलब्ध नाही’ असं लेखी घेऊन जोडा. आणि निघण्यापूर्वी घरात सांगा. उद्या पोलीस जबाबासाठी मळ्यात आले, तर बायकोला ते दारात कळायला नको.