अमेरिकेत सप्लाय चेनमध्ये बॅचलर्स करायला येतोयस? मग आधी कोड बघ

अरे तुझा मेसेज वाचला, उत्तर द्यायला उशीर झाला सॉरी, महिनाअखेर होती आणि आमच्याकडे महिनाअखेरीला स्टॉक जुळवण्यातच जीव जातो. तू विचारलंयस की बारावी कॉमर्स झाल्यावर अमेरिकेत सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये (म्हणजे खरेदीपासून माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याची सगळी साखळी सांभाळणं) चार वर्षांचं बॅचलर्स करावं का, कॉलेज कुठलं घ्यावं, नंतर इथे नोकरी लागते का, आणि घरचे म्हणतायत की एवढे पैसे घालून शेवटी गोडाऊनच सांभाळायचंय का. मी हेच बॅचलर्स इथे येऊन केलं, आता प्लॅनिंगमध्येच आहे, त्यामुळे जे अंगावर घेतलंय तेच सांगते.

गोडाऊनचं आधी. गोडाऊन हा यातला एक भाग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, पण बॅचलर्स करून बाहेर पडणाऱ्यांना पहिली नोकरी जास्त करून बायर, प्लॅनर नाहीतर अ‍ॅनालिस्टची मिळते. म्हणजे दिवसभर एक्सेल, ईआरपी (कंपनीची खरेदी, साठा, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि फोन. माझी पहिली नोकरी एका कारखान्यात प्लॅनरची होती. सकाळी आल्याआल्या शॉर्टेज रिपोर्ट उघडायचा, आज कुठला पार्ट नाहीये आणि त्यामुळे कुठली लाइन अडणार ते बघायचं, मग सप्लायरच्या मागे लागायचं. सिस्टीममध्ये लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) १४ दिवस लिहिलेला असतो, माल येतो सहा आठवड्यांनी, आणि तो १४ चा आकडा कोणी कधी टाकला ते कुणालाच माहीत नसतं. पहिल्याच महिन्यात मी ५०० नगांच्या ऐवजी ५०० खोकी मागवली, एका खोक्यात २४ नग, कारण ऑर्डर टाकताना युनिट काय आहे ते बघितलंच नाही. १२,००० नग!! मॅनेजर ओरडला वगैरे नाही, फक्त म्हणाला खाली डॉकवर (माल उतरवतात तिथे) ये आणि तुझी ऑर्डर बघून घे. तर 'मॅनेजमेंट' या शब्दावर भाळू नकोस, पहिली काही वर्षं तू कुणालाही मॅनेज करत नसतोस, पार्टांच्या मागे पळत असतोस. हे आवडणार असेल तर पुढचं वाच.

आता शिकवतात काय. पहिली दोन वर्षं सप्लाय चेन जवळजवळ नसतेच, अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, बिझनेसवाल्यांचं कॅल्क्युलस, इंग्रजी लेखन आणि काहीही संबंध नसलेले दोन-चार विषय (मी भूगर्भशास्त्र घेतलं होतं, मजा आली). खरे विषय तिसऱ्या वर्षी, म्हणजे खरेदी, ऑपरेशन्स, लॉजिस्टिक्स, फोरकास्टिंग. इथे एक गोम आहे जी ब्रोशरमध्ये ठळक लिहीत नाहीत: बऱ्याच ठिकाणी तुला आधी नुसता युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळतो आणि मेजरमध्ये (म्हणजे मुख्य विषयात) जायला पहिल्या दोन वर्षांतले ठरावीक कोर्स आणि ठरावीक जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. कॅल्क्युलस आणि स्टॅट्समध्ये घसरलास तर दार बंद. म्हणून अ‍ॅडमिशनच्या आधीच विचार की मेजरला थेट प्रवेश आहे का नंतर परत अर्ज करायचाय.

सगळ्यात लक्षात राहिलेला तास कुठला विचारशील तर बिअर गेमचा. नावावर जाऊ नकोस, एमआयटीत १९६० च्या आसपास निघालेला खेळ आहे. चौघं एका ओळीत बसतात, दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि फॅक्टरी, आणि एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठीवर ऑर्डर पुढे सरकवायची. माल यायला काही आठवडे लागतात. पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्याला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, देता न आलेल्या खोक्याला एक डॉलर. मी फॅक्टरी होते. सुरुवातीला चार-चारच्या ऑर्डरी येत होत्या, मग मोठ्या व्हायला लागल्या, मग अजून मोठ्या, मी जोरात उत्पादन सुरू केलं आणि माल तयार झाला तेव्हा ऑर्डर आली शून्य. पुढचे कित्येक आठवडे शून्य. मी दुकानदाराच्या पोरीवर चिडलेले की हिचं गिऱ्हाईक असं वेड्यासारखं काय करतंय. शेवटी प्रोफेसरांनी पत्ते उघडले, तर गिऱ्हाइकाची मागणी पूर्ण खेळात एकदाच बदलली होती, चारची आठ झाली आणि आठवरच राहिली. बाकी सगळा गोंधळ आम्ही चौघांनी मिळून घातलेला, प्रत्येकाने घाबरून थोडं जास्त मागवलं एवढंच. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, चाबकाची मूठ थोडी हलते आणि टोक सपकन फिरतं तसं. २०२० मध्ये इथे दुकानांतला टॉयलेट पेपर संपला तेव्हा मला तो वर्ग आठवत होता. हे वाचून तुला 'अरे पण त्यांनी मागणीचा आकडा एकमेकांना सांगितला असता तर' असं आपोआप सुचलं असेल तर हा विषय तुझा आहे.

आता खरा मुद्दा, जो मला कोणी सांगितला नव्हता. इथे प्रत्येक डिग्रीला एक सहा आकडी कोड असतो, सीआयपी कोड, तुझ्या आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) छापलेला असतो. डिग्री झाल्यावर एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना १२ महिने काम करायची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात, आणि कोड सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर त्यावर अजून २४ महिने मिळू शकतात (कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासायच्या सरकारी सिस्टीममध्ये असावी लागते). गंमत अशी की त्याच नावाची डिग्री एक युनिव्हर्सिटी मॅनेजमेंट सायन्सच्या कोडखाली म्हणजे ५२.१३०१ मध्ये टाकते, तो स्टेममध्ये आहे, आणि दुसरी टाकते साध्या बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या ५२.०२०१ खाली, तो नाहीये. पुस्तकं तीच, बीअर गेम तोच, पण एकाला तीन वर्षं आणि दुसऱ्याला एक.

याचा फरक एच-१बी ला, म्हणजे कंपनीने तुझ्यासाठी काढायच्या कामाच्या व्हिसाला पडतो. वर्षाला ८५,००० चा कोटा, त्यातले २०,००० इथे मास्टर्स केलेल्यांना राखीव, म्हणजे बॅचलर्सवाला ६५,००० च्या रांगेत. नोंदणी मार्चमध्ये होते. एक वर्षाच्या ओपीटीत हातात साधारण एकच मार्च, म्हणजे नंबर लागायची एकच संधी येते, तीन वर्षांत तीन. नंबर लावायची पद्धत आणि फी यात बदल होत असतात, त्यामुळे कुणाच्या काकांच्या अनुभवावर जाऊ नकोस, युएससीआयएसची (इथलं इमिग्रेशन खातं) साइट स्वतः वाच. आणि ओपीटीच्या पहिल्या १२ महिन्यांत बेकारीचे एकूण ९० दिवसच चालतात, ते मोजत झोपणं काय असतं हे मी सांगत बसत नाही.

कॉलेजं. या विषयात मिशिगन स्टेट, पेन स्टेट, अ‍ॅरिझोना स्टेट, टेनेसीचं नॉक्सव्हिल ही नावं नेहमी ऐकशील आणि ती चांगलीच आहेत, कंपन्या तिथे मुद्दाम मुलं घ्यायला येतात. पण ही सगळी सरकारी युनिव्हर्सिट्या आहेत, आपल्याला राज्याबाहेरच्याची जास्तीची फी लागते आणि बॅचलर्सला स्कॉलरशिप मास्टर्स-पीएचडीवाल्यांसारखी सहज मिळत नाही. कॅम्पसवर काम करता येतं, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, त्यातून वरखर्च निघतो, फी निघत नाही. पैशाची ओढाताण असेल तर दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (स्वस्तातलं दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) आणि मग ट्रान्सफर हा रस्ता खरंच बघ, फक्त तिथलं कॅल्क्युलस आणि अकाउंटिंग पुढचं बिझनेस कॉलेज धरणार का ते आधी लेखी घे.

रँकिंगपेक्षा आजूबाजूला काय आहे ते बघ असं मी म्हणेन. मिशिगनमध्ये गाड्यांचे कारखाने, मेम्फिसला फेडेक्सचं हब, लुईव्हिलला यूपीएसचं, लॉस एंजेलिस आणि लाँग बीचला बंदरं. कारण नोकरी बहुतेक वेळा इंटर्नशिपमधूनच मिळते. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची भरती आधीच्या सप्टेंबरच्या करिअर फेअरलाच (कॅम्पसवर कंपन्यांचा भरती मेळावा) सुरू होते, मी पहिल्या खेपेला फेब्रुवारीत रेझ्युमे घेऊन फिरत होते, हसू नकोस. स्टॉलवर दुसराच प्रश्न असतो, आत्ता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का, म्हणजे कंपनीला तुझा व्हिसा काढावा लागेल का. खरं उत्तर द्यायचं आणि पुढच्या स्टॉलवर जायचं. विमानं, संरक्षण असल्या कंपन्यांकडे सप्लाय चेनची खूप पदं असतात पण निर्यात नियमांमुळे ती जवळजवळ सगळी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना, त्या रांगेत तास घालवू नकोस. आणि कॅम्पसबाहेर इंटर्नशिप करायला सीपीटीची (शिकत असतानाच बाहेर काम करायची) परवानगी लागते, तीही एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर.

गणित बरं असेल तर इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचाही विचार कर, ते स्टेममध्ये आहेच आणि काम खूपसं हेच, पण कॉमर्सवरून येऊन फिजिक्स करायची तयारी पाहिजे. नसेल तर सप्लाय चेनच घे आणि जोडीला इन्फर्मेशन सिस्टीम्स किंवा अ‍ॅनालिटिक्स मायनर. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शीक, एक्सेल इतकं शीक की माउसला हात लागणार नाही, एसएपी (एक ईआरपी सॉफ्टवेअर) कॉलेजात हाताळायला मिळालं तर सोडू नकोस. सीपीआयएम (प्लॅनिंग आणि स्टॉकची परीक्षा) वगैरे सर्टिफिकेटं आत्ता नकोत, नोकरी लागल्यावर पुष्कळदा कंपनीच पैसे देते.

अजून एक, ऐकायला फालतू वाटेल. इथे आल्यावर पहिल्या वर्षीच ड्रायव्हिंग लायसन्स काढ. कारखाने आणि डिस्ट्रिब्युशन सेंटरं गावाबाहेर असतात, बस जात नाही. मला दुसऱ्या वर्षी मिळालेली एक इंटर्नशिप कॅम्पसपासून ४० मैलांवर होती, पहाटे सहाची शिफ्ट, आणि माझ्याकडे सायकल होती.