टुंड्राचा किनारा : पाऊस थोडा, पाणी फार

प्रश्न : अलास्काच्या उत्तर टोकाला, उटकिआग्विक (पूर्वीचे बॅरो) येथे वर्षभरात जेमतेम पाच इंच पर्जन्य होते. मग तो प्रदेश तळ्यांनी भरलेला कसा?

उत्तर : पाणी किती पडते यापेक्षा ते जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे. ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रापर्यंत पसरलेल्या या सपाट मैदानाखाली जमीन शेकडो मीटर खोलवर बारमाही गोठलेली असते. प्रुधो बे येथे ही खोली 600 मीटरांहून अधिक आहे. उन्हाळ्यात वरचा हात-दीड हाताचा थर तेवढा मोकळा होतो. पाणी खाली मुरत नाही, उतार नसल्यामुळे वाहून जात नाही आणि थंडीमुळे त्याची वाफही फारशी होत नाही.

प्रश्न : तिथल्या जमिनीवरील बहुकोनी आकृत्या म्हणजे आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा भेगाच ना?

उत्तर : दिसायला तशाच, पण कारण निराळे. आपली काळी माती ओल गेल्याने आकसते. तिथली जमीन कडाक्याच्या थंडीने आकसून तडकते. भेग काही मिलिमीटरचीच असते, परंतु वसंतात वितळलेले पाणी तीत उतरून गोठते, पुढल्या हिवाळ्यात जमीन बहुधा तिथेच पुन्हा तडकते, आणि शतकानुशतके हे चालल्यावर बर्फाची मीटरभर किंवा त्याहूनही रुंद पाचर तयार होते. भूवैज्ञानिक अर्नेस्ट लेफिंगवेल यांनी याच किनाऱ्यावर राहून केलेल्या अभ्यासातून 1919 साली हे सविस्तर मांडले. पाचरीमुळे कडेची माती वर उचलली जाऊन बांध बनतो. आतल्या पाणथळ भागात लव्हाळ्यासारखे गवत आणि वीतभर उंच, कोरड्या बांधावर दगडफूल व जमिनीलगत सरपटणारी विलोची खुजी झुडपे, इतका फरक चार पावलांत दिसतो. टुंड्राला ओसाड म्हणणाऱ्यांनी एकदा गुडघे टेकून पाहावे.

प्रश्न : झाडे का नाहीत?

उत्तर : जुलैचे सरासरी तापमानही 10 अंश सेल्सिअसच्या बरेच खाली राहते, आणि साधारण तेवढी ऊब मिळाल्याशिवाय झाडे वाढत नाहीत.

प्रश्न : भरती-ओहोटी किरकोळ असूनही हा किनारा इतक्या वेगाने का खचतो?

उत्तर : कारण तो बराचसा बर्फाचाच आहे. ड्रू पॉइंट येथे 2007 ते 2016 या काळात किनारा वर्षाला सरासरी 17 मीटर मागे सरला. समुद्रावरचे बर्फ आता अधिक काळ दूर राहत असल्याने लाटांना मोकळे रान मिळते. लाटा किनाऱ्याच्या काही मीटर उंच दरडीचा पायथा वितळवून आत खोबण पाडतात, आणि वरचा भाग वर सांगितलेल्या पाचरीच्या रेषेवरच सुटून अख्खा कोसळतो. त्यात वाळू कमी आणि बर्फ व बारीक गाळच जास्त असल्याने, दरडीला आडोसा देईल अशी पुळण मागे उरत नाही.