मॅन्युअलला नियमावली म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. कॉलेज रोडला राहणारी, लॉच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अवकाशातल्या लष्करी हालचालींच्या कायद्यावर मराठीत टिपण लिहितेय. 'वूमेरा मॅन्युअल' या त्याच विषयावरच्या पुस्तकाला तिने 'वूमेरा नियमावली' म्हटलं, सरांनी लाल पेनाने खोडून 'संहिता' केलं. बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही चुकले, पण तू जरा कमी.

नियमावली आपण कशाला म्हणतो बघ, सोसायटीची नियमावली, वाचनालयाची नियमावली, म्हणजे कोणीतरी अधिकाराने काढलेली, पुस्तक उशिरा आणलं की दंड भरा. संहिता तर त्याहून जड, आचारसंहिता लागली की भल्याभल्यांचे बॅनर रातोरात उतरतात, आणि भारतीय न्याय संहिता तर संसदेने केलेला कायदाच. वूमेरा मॅन्युअल यातलं काहीच नाही. ते कुठल्या सरकारने काढलेलं नाही, कुठल्या देशाने त्यावर सही केलेली नाही. ॲडलेड, एक्सेटर, नेब्रास्का आणि कॅनबेऱ्याचं न्यू साउथ वेल्स अशा युनिव्हर्सिटींनी मिळून जाणकार गोळा केले, कायद्याचे प्राध्यापक, लष्करातले वकील, तांत्रिक माणसं, आणि ही सगळी आपापल्या वैयक्तिक नात्याने बसली. एखादा माणूस एरवी सरकारी नोकरीत असला तरी टेबलावर त्याचं मत म्हणजे त्याच्या सरकारचं मत नाही, हे आधीच ठरलेलं असतं. काम वर्षानुवर्षं चाललं, मधे मसुदा सरकारांच्या प्रतिनिधींनाही दाखवला, तुमचा अनुभव काय, तुम्ही प्रत्यक्षात काय करता म्हणून, आणि पुस्तक २०२४ मध्ये छापून आलं.

आता असलं पुस्तक आपल्याकडे नव्हतं का? होतं की. पंचवटीतल्या कुठल्याही जुन्या गुरुजींच्या घरी बघ, लाल फडक्यात बांधलेला धर्मसिंधु सापडेल. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या शेवटी लिहिला. पेशव्यांनी तो कायदा म्हणून काढला नव्हता, स्मृती-पुराणांत विखुरलेलं एका जागी आणून 'आज शास्त्र काय म्हणतं' एवढंच त्यांनी मांडलं, आणि अधिकार नसताना लोक मानायला लागले कारण सोयीचं होतं आणि लिहिणारा जाणता होता. मॅन्युअलवाल्यांचा दावा शब्दशः हाच आहे, आम्ही नवा कायदा करत नाही, आज आहे तो लिहून काढतो. कायदा कसा असायला हवा हे त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवलंय, आणि खरी मारामारी तिथेच होते, कारण 'आहे' आणि 'असावा' यांच्यातली रेघ जो तो आपल्या सोयीने ओढतो.

असल्या ग्रंथांना जुना शब्द आहे 'निबंध'. पण आज निबंध म्हटलं की 'माझा आवडता ऋतू' आठवतो, तेव्हा ते राहू दे. मी 'नियमसंग्रह' लिहीन. संग्रह करणारा मालक नसतो, एवढं त्या शब्दातच आलं.

आतल्या रचनेला मात्र आपल्याकडे अगदी तयार शब्द आहेत, सूत्र आणि भाष्य. वर एक-दोन वाक्यांचा नियम, खाली पानभर खुलासा. २०१३ च्या टॅलिन मॅन्युअलमध्ये, जे सायबर युद्धावर आहे, पद्धत अशी होती की नियमाच्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत हवं आणि जिथे जमलं नाही तिथे बहुतेकांचं मत हे, काहींचं ते, असं भाष्यात नोंदवायचं. हे ऐकून मला कॅलेंडरमधली एकादशीच आठवली, स्मार्त एका दिवशी, भागवत दुसऱ्या दिवशी, दोन्ही छापायच्या, घरोघरी काय ते ठरवतील. तू 'मसुदा' हा शब्दही बिनधास्त वापर, मूळ अरबी, अर्थ 'काळं केलेलं', म्हणजे खाडाखोड केलेला कागद. गंमत म्हणजे इंग्रजीत एकमताच्या नियमाला 'ब्लॅक लेटर' म्हणतात. काळं दोन्हीकडे, एकीकडे कच्चं आणि दुसरीकडे एकदम पक्कं.

ही परंपरा जुनी आहे, समुद्रावरच्या युद्धासाठी १९९४ चं सान रेमो मॅन्युअल याच जातीचं. अवकाशाच्या बाबतीत मात्र भाऊबंदकी झाली, कॅनडातली मॅकगिल युनिव्हर्सिटी आणि ॲडलेड आधी एकत्र होत्या, पुढे वाटण्या झाल्या. मॅकगिलचा नियमांचा खंड २०२२ मध्ये आला, तो शांततेच्या काळापुरता, वूमेराने तणाव आणि युद्धही घेतलं. तुझ्या टिपणात दोन्हींची सरमिसळ करू नको.

सरांनी खोडलं नाही पण मी खोडलं असतं ते दुसरंच, तू 'बिगरलष्करी उद्देश' लिहिलंयस. १९६७ च्या अवकाश कराराच्या चौथ्या कलमात 'पीसफुल' आहे. त्यात अण्वस्त्रं नि इतर महासंहारक शस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी आहे, आणि चंद्र वगैरे फक्त शांततेच्या कामासाठी. पण शांततेचं म्हणजे बिगरलष्करी, की फक्त अनाक्रमक, यावर तेव्हापासून वाद आहे. भाषांतरात 'बिगरलष्करी' लिहिलंस की तू त्या वादात एका बाजूने मत देऊन मोकळी झालीस. 'शांततामय' लिही, जो गोंधळ मुळात आहे तो मराठीतही राहू दे. तसंच लष्करीकरण आणि शस्त्रीकरण वेगळं, देवळालीच्या तोफखान्याने उपग्रहावरून जागा बघितली तर तो लष्करी वापर झाला, वर शस्त्र नेऊन ठेवलं तर शस्त्रीकरण. मार्च २०१९ मध्ये आपण जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून आपलाच उपग्रह पाडला तो कशात धरायचा यावर चहाच्या टपरीवर तासभर जाईल.

'ड्यू रिगार्ड'ला तू 'योग्य आदर' केलंयस, ते काढ. त्याच कराराच्या नवव्या कलमात मान देण्याचा प्रश्न नाहीये, आपलं काम करताना दुसऱ्या देशाच्या हिताचं भान राखायचंय, तर 'यथोचित भान' कर. भान शब्द साधा आहे पण नेमका तिथेच बसतो, रामकुंडावर पाय धुताना पलीकडे कोणी आंघोळ करतंय याचं असतं तसलं.

अवकाश की अंतराळ, हे तू कंसात विचारलंस. दोन्ही चालतील, मी अंतराळ घेईन, कारण 'लष्करी अवकाश' वाचून आमच्या हिला वाटलं जवानांना सवड किती मिळते त्याबद्दल आहे (हिंदीत तर सरळ रजाच).

आणि वूमेराचं भाषांतर करायला जाऊ नको. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं रॉकेट सोडायचं ते गाव, १९४७ मध्ये वसवलेलं, आणि नाव सिडनीकडच्या धारुग या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. अर्थ भाला लांब फेकायला हाताला जोड देणारी काठी. आमच्या लहानपणी बाजरी राखायला माळ्यावर चढायचो तेव्हा हातात गोफण असायची, ती दगडाची, ही भाल्याची, हात लांब करायची युक्ती मात्र तीच. टिपणाच्या तळटीपेत एवढं घाल, सर ते नक्की खोडणार नाहीत.