स्वाहिली की किस्वाहिली, आणि ती अरबीतून आली का?

विचारलंय की टांझानियाच्या भाषेला कोणी स्वाहिली म्हणतं कोणी किस्वाहिली, तर बरोबर काय, आणि तिच्यात एवढे अरबी शब्द आहेत म्हणजे ती अरबीतूनच निघाली ना?

नाव अरबीच आहे, साहिल म्हणजे किनारा, त्याचं अनेकवचन सवाहिल. पण पुढचा 'कि' त्यांचा स्वतःचा, तो लावला की भाषेचं नाव होतं, हिंदीला ते किहिंदी म्हणतात. माणूस असेल तर म्स्वाहिली, माणसं वास्वाहिली. मराठीत नुसतं स्वाहिली लिहा, काही बिघडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे 'नाही', ती अरबीतून निघालेली नाही. ती बांटू भाषा, म्हणजे आफ्रिकेतल्याच झुलू-शोना या भाषांच्या कुळातली. किताब हा शब्द घ्या, अरबीतून आला आणि किताबू झाला. आता त्या भाषेत 'कि'ने सुरू होणाऱ्या बऱ्याच नामांचं अनेकवचन 'वि'ने होतं, किसू म्हणजे सुरी, विसू म्हणजे सुऱ्या. मग लोकांनी किताबूतला 'कि' पण तसलाच धरला आणि अनेकवचन केलं विताबू! अरबीतलं कुतुब गेलं उडत. बरं वाक्यातले बाकीचे शब्दही त्याच तालावर, एक पुस्तक पडलं तर 'किताबू किमोजा किमेआंगुका', दोन पडली तर 'विताबू विविली विमेआंगुका'. इंग्रजांच्या 'कीप लेफ्ट' पाटीचं पण तेच केलं, रस्त्यावरचं सर्कल म्हणजे किप्लेफ्टी आणि अनेक सर्कलं विप्लेफ्टी, मला तर हे जाम आवडतं. आपल्याकडची गाडी तिथे गारी झाली, अनेकवचन मागारी. दुकान तर दोघांनीही बाहेरूनच घेतलं, आपण त्याचं दुकानं केलं, त्यांनी दुका आणि मादुका. अर्ज, हिशोब, तारीख घेऊन मराठी काही फारसी झाली नाही, तसंच हे.

आकडे पण बघा, एक ते पाच बांटू, सहा-सात अरबी (सिता, साबा), आठ परत बांटू, नऊ अरबी, दहा बांटू.

आणि हो, 'टांझानियाची भाषा' म्हणजे सगळ्यांची मातृभाषा नव्हे. तिथे शंभरावर भाषा आहेत, मासाई वेगळ्या कुळातली, हाद्झा आणि सांदावेमध्ये तर जिभेने टक-टक केल्यासारखी व्यंजनं. बोलणारे सगळ्यात जास्त सुकुमाचे, पण मान मिळाला किनाऱ्यावरच्या व्यापाराच्या भाषेला, म्हणजे स्वाहिलीला, कारण ती कुठल्याच मोठ्या जमातीची नव्हती आणि ब्रिटिशांआधी तिथे राज्य करणाऱ्या जर्मनांनी कारभारात आधीच वापरलेली. प्रमाण रूप झांझिबारच्या बोलीवरून ठरलं, 1930 साली त्यासाठी ब्रिटिशांनी समितीच नेमली. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे, त्यांची स्वतःची मातृभाषा झानाकी, छोटीशी, तरी शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' त्यांनी स्वाहिलीत आणलं. एवढं सगळं करून प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि हायस्कूलला पोचलं की बहुतेक पोरांना इंग्रजी, त्यावरून तिथेही वाद चालूच असतात.