वाचक विचारतात : जुन्या ॲल्युमिनियम बोटीची दुरुस्ती

प्रश्न : आमचे गाव भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावात मासेमारी करणाऱ्या संस्थेचे आम्ही तीन सभासद असून आम्ही मिळून लिलावात निघालेली सुमारे बारा फुटी ॲल्युमिनियमची जुनी बोट घेतली आहे. तिचे सर्व पत्रे रिव्हेटने जोडलेले आहेत. तळातून पाणी येते, मागची लाकडी फळी कुजली आहे आणि बाकांखालचा फोम पाणी पिऊन जड झाला आहे. आमच्याजवळ दहा हजार रुपयांहून अधिक रक्कम नाही. कोणी सांगतात तळाला डांबर फासा, कोणी सांगतात संपूर्ण बोट घासून रंगवून घ्या. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : डांबर आणि रंग, हे दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लाकडी डोंग्याला डांबर लावण्याची पद्धत योग्य आहे, कारण डांबर लाकडाच्या रेषांमध्ये मुरते. गुळगुळीत पत्र्यावर मात्र ते नुसते बसून राहते, गळणारी जागा झाकते, आणि पुढे योग्य सीलंट (सांध्यांतून पाणी येऊ नये म्हणून भरायचा चिकट पदार्थ) लावण्याची वेळ येते तेव्हा डांबराचा अंशही राहिला असेल तर ते सीलंट पकड घेत नाही. रंगाचे म्हणाल तर गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमला त्याची गरजच नसते. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि घट्ट थर तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. म्हणून तुमचे दहा हजार रुपये गळती थांबवणे, मागची फळी बदलणे आणि बोट उलटली तरी तरंगत राहील अशी सोय करणे या तीन कामांवरच, आणि याच क्रमाने, खर्च व्हावेत. रंगासाठी पैसे उरले नाहीत तर काही बिघडत नाही.

पैसे खर्च करण्याआधी दोन तपासण्या करा. दोन्ही फुकट होतात. पहिली रात्री करायची आहे. बोट लाकडी ओंडक्यांवर उलटी ठेवून आत बल्ब लावावा आणि बाहेरून तळ बारकाईने पाहावा. जिथे पत्रा आरपार गेला आहे तिथे प्रकाशाचे ठिपके दिसतील. त्यांच्याभोवती पेन्सिलीने नव्हे, तर मार्करने खूण करावी, कारण पेन्सिलीतील ग्रॅफाइटमुळे ओल्या ॲल्युमिनियमवर गंज सुरू होऊ शकतो. जिथे पांढरी भुकटी धरली आहे तिथे पेचकसाच्या टोकाने जरा दाबून पाहावे. टोक आत जात असेल तर पत्रा वरून धड दिसत असला तरी आतून खाल्ला गेला आहे असे समजावे. असे खड्डे दोन-चार जागी असतील तर दुरुस्ती नक्की करण्याजोगी आहे. पण संपूर्ण तळाला चाळणीसारखी छिद्रे असतील, किंवा मधल्या कण्याला आडवी चीर गेली असेल, तर बोट भंगारात विकून ती रक्कम पुढच्या बोटीसाठी राखून ठेवणेच तुमच्या हिताचे ठरेल. तलावाच्या मध्यावर तुमचा जीव या पत्र्याच्या भरवशावर असतो, म्हणून हे स्पष्टपणे लिहीत आहे.

दुसरी तपासणी पाण्याची. बोट सरळ ठेवून आत पाणी भरावे आणि बाहेर कुठे पाझरते ते पाहावे. पाणी चार बोटांहून जास्त भरू नये. बारा फुटी बोटीत १० सेंटीमीटर पाणी भरले तरी त्याचे वजन ४०० किलोच्या आसपास होते, आणि खाली नीट आधार नसेल तर त्या भाराने चांगले सांधेही उघडतात. म्हणून कण्याखाली आणि दोन्ही बाजूंना ओंडक्यांचा सलग टेकू द्यावा. ही तपासणी सूर्य मावळल्यावर करावी. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत दिवसा पाझरलेला थेंब डोळ्यांना दिसण्याआधीच वाळून जातो. तळाला बाहेरून खडूची कोरडी भुकटी चोळून ठेवली तर लहानात लहान गळतीही ओल्या डागाने लगेच कळते.

रिव्हेटच्या बोटीत बहुतेक पाणी छिद्रांतून नव्हे, तर सैल झालेल्या रिव्हेटमधून आणि त्या धरून ठेवत असलेल्या सांध्यांतून येते, त्यामुळे खुणा झाल्यावर पहिले काम रिव्हेट पुन्हा आवळण्याचे. याला दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरावा आणि दुसऱ्याने आतून रिव्हेटच्या शेपटीवर हलक्या हातोड्याचे बेताचे ठोके द्यावेत. जोर करू नये, कारण पत्रा ताणला गेला की शेजारची रिव्हेट सैल होते. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे भांडी घडवणारा जुना कारागीर ओळखीचा असेल तर एक दिवसासाठी त्याला सन्मानाने बोलवा. पातळ पत्र्यावर किती जोर लावायचा हे ज्याच्या मनगटात आहे असा माणूस या कामात हजारो रुपयांच्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतो. पितळेचा स्क्रू, वॉशर किंवा कडी मात्र या बोटीला अजिबात लावू देऊ नका. तांबे किंवा पितळ ॲल्युमिनियमला चिकटून ओले राहिले की विजेच्या सेलमध्ये होते तशी क्रिया सुरू होते, आणि तीत झिजते ते ॲल्युमिनियमच.

आवळूनही जी रिव्हेट हलते, ती ड्रिलने डोके उडवून काढावी आणि एक माप मोठी ॲल्युमिनियमची भरीव रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून बसवावी. आतून हात पोहोचत नसेल तर एकाच बाजूने बसवता येणारी पॉप रिव्हेट चालते, पण बाजारात सहज मिळणारी पोकळ पॉप रिव्हेट घेऊ नका, कारण तिच्या मधल्या भोकातूनच पाणी येते. बंद तोंडाची रिव्हेट मागून घ्या आणि तिची मधली तारही पोलादी नसून ॲल्युमिनियमची आहे ना, याची खात्री करा.

त्यानंतर सांधे. इथे पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. सिलिकॉन वापरू नये, कारण सिलिकॉन निघाले की त्याचा राहिलेला तेलकट थर दुसरे काहीही चिकटू देत नाही. एम-सील किंवा अराल्डाइटसारखे इपॉक्सी कडक होते, आणि रिव्हेटची बोट लाटेवर थोडी लवत असल्यामुळे कडक थर सांध्यावर तडकतो. ते न हलणाऱ्या खड्ड्यांत भरायला ठीक आहे. सांधा काचकागदाने घासून, थिनरच्या फडक्याने पुसून, पूर्ण कोरडा झाल्यावर त्याच तासाभरात सीलंट भरावे, कारण घासलेल्या पत्र्यावर ऑक्साइड लगेच पुन्हा धरू लागतो. घासायला लोखंडी तारेचा ब्रश घेऊ नये. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच खड्डे पडतात. कॉस्टिक सोड्यानेही बोट धुऊ नये, तो ॲल्युमिनियम सरळ खातो.

विदर्भातील उन्हाळ्याविषयी इथे वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण सीलंटच्या नळीवरच्या सूचना आपल्या मे महिन्याचा विचार करून लिहिलेल्या नसतात. नळीतले पॉलियुरेथेन हवेतील ओलावा घेऊन घट्ट होते. आपल्याकडे दुपारी हवा इतकी कोरडी असते की ते वरून साय धरते आणि आत कित्येक दिवस मऊ राहते. म्हणून काम पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर करावे, सांध्यावर साय धरल्यानंतर आजूबाजूला पाण्याचा हलका फवारा मारावा आणि निदान आठवडाभर बोट पाण्यात उतरवू नये. इपॉक्सीचे याच्या उलट आहे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते कालवता कालवताच आवळून बसते, म्हणून थोडे थोडेच कालवावे.

मागच्या फळीसाठी नवे सागवान या रकमेत बसणार नाही. पण जुन्या घराच्या पाडकामातून निघालेले सागवानी दार किंवा चौकट गावात अनेकदा स्वस्तात मिळते, आणि इतक्या वर्षांत वाळून स्थिर झालेले ते लाकूड या कामाला उत्तम असते. तेही मिळाले नाही तर आयएस ७१० (पाण्यात वापरायच्या मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याचा १२ मिलिमीटरचा प्लाय घेऊन दोन थर चिकटवावेत. आयएस ३०३ चा साधा प्लाय घेऊ नये, तो पाण्यात टिकत नाही. तांबेयुक्त औषध दिलेले, हिरवट दिसणारे लाकूडही टाळावे, कारण त्यातील तांबे पत्र्यापर्यंत पोहोचते. फळीच्या कडा आणि बोल्टच्या प्रत्येक भोकाची आतली बाजू इपॉक्सीने बंद करावी, कारण कुजणे तिथूनच सुरू होते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि प्रत्येक बोल्ट सीलंट लावूनच बसवावा.

आता पाणी प्यायलेला फोम. तो सर्व काढून टाका आणि त्या जागी घट्ट झाकणाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन बांधा. किती हवेत याचा हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असते, म्हणून ८० किलोची रिकामी बोट पूर्ण बुडाली तर ती स्वतः सुमारे ३० किलोचाच आधार मिळवते आणि उरलेले ५० किलो तिला खाली ओढतात. ते पेलण्यासाठी ५० लिटर आणि माणसांनी धरून राहावे म्हणून आणखी तेवढेच, म्हणजे २० लिटरचे निदान पाच कॅन लागतील. ते तळाशी न ठेवता दोन्ही बाजूंना बाकांच्या उंचीवर पक्के बांधावेत. म्हणजे पाणी भरलेली बोट सरळ राहते, गडगडत नाही. कीटकनाशकाचे कॅन वापरू नका. तलावातले मासे आणि त्याच पाण्यावर जगणारी गुरे, दोघांचाही त्यात धोका आहे.

सर्व झाल्यावर पहिली चाचणी कमरेइतक्या पाण्यात, जाळ्यांचे आणि माणसांचे वजन घेऊन करावी.

प्रश्न : ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात वैनगंगेवर वापरायच्या ॲल्युमिनियम बोटीच्या तळाला वीतभर चीर गेली आहे. चौकातला वेल्डर ती जोडून देतो म्हणतो. द्यावी का?

उत्तर : देऊ नये. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला २,००० अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे साध्या वेल्डिंगने वरचा थर फुटायच्या आत खालचा पत्रा ढासळतो आणि चिरेचे भगदाड होते. या कामाला आर्गॉन वायूचे टिग वेल्डिंग आणि ॲल्युमिनियमवर हात बसलेला कारागीर लागतो. शिवाय जुन्या रिव्हेटच्या बोटीत उष्णतेने शेजारचे सांधे आणि सीलंट खराब होतात आणि वेल्डच्या बाजूचा पत्रा मऊ पडतो.

तुमच्या चिरेला ठिगळ पुरेसे आहे. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. हे लहानसे काम बरेच जण सोडून देतात आणि वर्षभरात ठिगळाच्या पलीकडे चीर निघते. ठिगळ ॲल्युमिनियमच्याच पत्र्याचे, चिरेच्या सर्व बाजूंनी निदान दीड इंच मोठे आणि कोपरे गोल केलेले असावे. टोकदार कोपऱ्याला वाळू आणि दगड लागून तो उचलला जातो. ठिगळाखाली सीलंटचा सलग थर द्यावा आणि कडेने साधारण एक-एक इंचावर रिव्हेट माराव्यात. लोखंडी पत्र्याचे किंवा जुन्या डब्याच्या टिनचे ठिगळ लावू नये. चीर कशामुळे गेली तेही पाहा. बहुधा तिथे आतली आडवी पट्टी तुटलेली असते आणि ती सुधारल्याशिवाय ठिगळ टिकत नाही.

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात इटियाडोहच्या बाजूला आमची अशीच बोट आहे. वापर नसताना ती कशी ठेवावी? सध्या ती अंगणातील सिमेंटच्या ओट्यावर पालथी असते आणि तिच्याखाली खताची पोती ठेवतो.

उत्तर : दोन्ही गोष्टी आजच बदला. ओले सिमेंट अल्कधर्मी असते आणि पावसात ओट्यावर टेकलेला पत्रा तिथे हळूहळू खाल्ला जातो. खत हवेतील ओल धरते आणि त्याचे क्षार पत्र्यावर पांढरे चट्टे पाडतात. बोट पालथीच ठेवा, पण दोन कोरड्या ओंडक्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे खालून वारा खेळेल आणि आतले पाणी निथळेल. ओली जाळी आत टाकून ठेवू नका. विशेषतः फेकजाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ओल्या तळावर महिनोन्‌महिने पडून राहिल्या तर त्या जागी खड्डे पडतात. ज्या ताडपत्रीने बोट झाकाल ती पत्र्याला चिकटू देऊ नका, तिच्याखाली बांबूची कमान करून थोडी पोकळी ठेवा. आणि पाऊस सुरू होण्याआधी मागच्या फळीचे बोल्ट एकदा हाताने फिरवून पाहा. एखादा सहज फिरला तर तो काढून, भोक वाळवून, नवे सीलंट भरून पुन्हा बसवा.