कुरूप पिल्लू पुन्हा वाचताना

लहानपणीचं 'कुरूप बदकाचं पिल्लू' वाचनकट्ट्यावर घेणार आहेस ना? मग आधी एकदा एकटीने वाच, आणि चार ओळींचं चित्रपुस्तक नको, पूर्ण गोष्ट वाच. अँडरसनची ही १८४३ची डॅनिश कथा आपल्याला बहुधा गदिमांच्या 'एका तळ्यात होती'मुळेच माहीत असते. गाणं गोडच आहे, पण घरातून पळालेलं पिल्लू आसरा घेतं ती म्हातारीची, कोंबडी आणि बोक्याची झोपडी त्यात नाही.

खरी गंमत त्या झोपडीत आहे. कोंबडी पिल्लाला विचारते, "अंडी घालता येतात?" नाही? मग गप्प बस. बोका विचारतो, "पाठीला बाक काढून, घुर्रघुर्र करून अंगातून ठिणग्या पाडता येतात?" इथे पुस्तक मांडीवर ठेव आणि थांब. मुलं आपणहून बोलतात: कुणाला खेळायला घेत नाहीत, कुणाला 'ढापण्या' म्हणतात. बोलू दे. लगेच 'सगळ्यांशी चांगलं वागावं' सुरू केलंस की पोरं गप्प होतात. कुणी समोरच्याच मुलाचं नाव घेऊन हसलं, तर मात्र तिथेच अडव.

शेवटाबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. पिल्लू राजहंस निघालं म्हणून सुटलं. बदकांची मोजपट्टीच चुकीची होती, असं कुणी म्हणत नाही. म्हणून मी विचारते, ते साधं बदकच निघालं असतं तर? उत्तर तू देऊ नकोस.

आणि हो, पिल्लू हंसांपुढे मान झुकवून 'मला मारून टाका' म्हणतं, तो भाग बालवाडीच्या गटाला गाळ. चौथी-पाचवीला जरूर वाच, सावकाश.