आकड्यामागची भानगड

प्रश्न : मुलाला शाळेत ‘दैनंदिन जीवनातील विज्ञान’ या विषयावर निबंध लिहायचा आहे. कृपया दहा मुद्दे द्यावेत. सोमवारच्या आत मिळाले तर बरं. (एक आई)

उत्तर : मासिक महिन्यातून एकदा निघतं, त्यामुळे तो सोमवार केव्हाच होऊन गेला आणि निबंध तुम्ही दोघांनी मिळून उरकलाही असेल. खरं सांगायचं तर दहा मुद्दे मी तसेही दिले नसते. ‘गजर वाजतो ते विज्ञान, दिवा लागतो ते विज्ञान’ ही यादी वाचून कुणाच्या डोक्यात नवं काही शिरल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझी सगळी नोकरी कॅलिब्रेशनच्या खोलीत गेली. यंत्र जो आकडा दाखवतं तो खरा आहे का, हे जास्त भरवशाच्या यंत्राशी ताडून बघायचं, एवढंच काम. त्या कामाने एक खोड लावली. कुठेही आकडा दिसला की मी आधी विचारते, यानं मोजलं काय? बहुतेक वेळा उत्तर भलतंच निघतं. मुलाला घरभर फिरवा आणि जिथे आकडा दिसेल तिथे हा प्रश्न विचारायला लावा. निबंध आपोआप होईल. या महिन्यात पत्रंही नेमकी आकड्यांवरून भांडणारी आली आहेत, म्हणून तीच घेतली.

प्रश्न : रात्री झोपताना वजन ६८.४ किलो, सकाळी उठल्या उठल्या ६८. मध्ये मी फक्त झोपलो होतो. तोच काटा गालिच्यावर ठेवला की तिसराच आकडा. काटा बिघडलाय का?

उत्तर : रात्रीच्या फरकाबद्दल काट्याला दोष देऊ नका. तुम्ही खरोखरच हलके झालात. रात्रभर श्वासावाटे पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. त्यातला ऑक्सिजन तुम्ही हवेतूनच घेतलेला, पण कार्बन तुमच्या अंगातला. शिवाय घाम आला नाही असं वाटलं तरी त्वचेतून पाणी जातच असतं.

गालिच्याचा घोटाळा मात्र काट्याचा. डिजिटल काट्याच्या पायांत धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. तुम्ही वर उभे राहिलात की त्या अगदी किंचित वाकतात, त्यांवर चिकटवलेली बारीक तार ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. काटा मोजतो तो हा बदल, आणि किलोचा आकडा त्यावरून हिशेब करून दाखवतो. गालिच्यात पाय रुतले की पट्ट्या वाकायच्या तशा वाकत नाहीत. काट्याचं पोट खाली टेकलं तर थोडा भार तिथूनच परस्पर जमिनीवर जातो. कडक, सपाट फरशीवर ठेवा आणि रोज एकाच जागी ठेवा.

काही काटे लबाडही असतात. नवं वजन मागच्या वजनाच्या जवळपास असेल तर ते जुनाच आकडा पुन्हा दाखवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला काटा स्थिर वाटतो. तुमचा काटा पकडायचा असेल तर आधी नुसते उभे राहा, मग अर्ध्या लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन उभे राहा. आकडा ढिम्म हलला नाही तर समजा. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्ध्या किलोला एखादा ग्रॅम कमी, तेव्हा हे घरगुती वजन वाईट नाही.

चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा असेल तर ती फार मनावर घेऊ नका. तो तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडून शरीराचा रोध बघतो आणि वय, उंची घालून सूत्रातून टक्के काढतो. पाणी कमीजास्त प्यायलात तरी ते टक्के हलतात. छातीत पेसमेकर असलेल्यांनी या काट्यावर उभंच राहू नये.

जाता जाता एक आमच्या धंद्यातली गंमत. १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ कुलूपबंद ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याच्या नकला वेळोवेळी त्याच्याशी ताडून बघितल्या, तेव्हा शतकभरात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. हलका झाला तो ठोकळा की जड झाल्या त्या नकला? उत्तर द्यायची सोय नव्हती, कारण व्याख्येनुसार ठोकळा चुकूच शकत नव्हता! २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बांधला गेला आणि ठोकळा निवृत्त झाला.

प्रश्न : अंदाजात ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ होती. म्हणजे पडण्यापेक्षा न पडण्याचीच शक्यता जास्त. मी छत्री नेली नाही आणि चिंब भिजलो. असले अंदाज सांगण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : तुम्ही भिजलात याचं वाईट वाटतं, पण त्या दिवशी अंदाज चुकला असं मला म्हणता येणार नाही. तो बरोबर आला असंही म्हणता येणार नाही. एका दिवसावरून ४० टक्क्यांची परीक्षा होतच नाही, आणि लोकांना राग येतो तो नेमका याचाच.

हा आकडा येतो कुठून? आत्ता हवा कशी आहे हे कुणालाच तंतोतंत माहीत नसतं. म्हणून संगणकावर एकच अंदाज चालवत नाहीत. सुरुवातीच्या नोंदी जराजरा बदलून तोच हिशेब पुन्हा पुन्हा करतात. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात असे ५० बदललेले हिशेब आणि एक मूळ हिशेब धरून ५१ चालतात. त्यांतल्या साधारण वीसांत तुमच्या भागात पाऊस पडला तर आकडा ४० च्या घरात येतो. पुढे जुन्या नोंदींशी ताडून त्यात दुरुस्त्या होतात, पण गाभा हाच. पाऊस किती वेळ पडेल किंवा गावाच्या किती भागात पडेल, ते हे ४० टक्के सांगत नाहीत. तुम्ही उभे आहात त्या ठिकाणी, दिलेल्या वेळात, मोजण्याइतका पाऊस पडण्याची ती शक्यता असते.

आता तपासायचं कसं, तर अगदी यंत्रासारखं. एक वही करा. रोज सकाळी अंदाजाचे टक्के लिहा आणि रात्री पडला की नाही ते लिहा. पावसाळाभर लिहा. मग ज्या ज्या दिवशी ४० टक्के सांगितले होते ते सगळे दिवस बाजूला काढा. त्यांतल्या दहांपैकी चारांच्या आसपास दिवशी पाऊस पडला असेल तर अंदाज प्रामाणिक आहे. दहांपैकी आठ दिवस पडला असेल तर मला पत्र लिहा, आपण दोघं मिळून चिडू.

तरी यात एक पळवाट राहते. समजा तुमच्याकडे या दिवसांत दहांतले तीन दिवस पाऊस पडतो आणि एक महाशय रोज डोळे मिटून ‘३० टक्के’ सांगतात. वहीत ते पहिल्या नंबराने पास होतील आणि उपयोग शून्य. म्हणून बघायचं की अंदाज सांगणारा कधी ५ आणि कधी ९० म्हणायची हिंमत करतो का, आणि ती हिंमत खरी ठरते का. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये याला गुण द्यायची पद्धत काढली. सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्या दिवसांची सरासरी काढायची. सरासरी जितकी कमी तितका अंदाज चांगला. भविष्य सांगणाऱ्यांनाही हेच गुण लावावेत असं मला फार वाटतं, पण ते टक्क्यांत बोलत नाहीत. हुशार असतात.

आणि छत्री? ती ४० ला न्यायची की ७० ला, हे भिजण्याचा तुम्हाला किती त्रास होतो त्यावर ठरवा. अंगावर महत्त्वाची कागदपत्रं असतील तर मी २० लाही नेते.

प्रश्न : कपाळासमोर धरायच्या तापमापकातून किरण मेंदूत जातात, असा निरोप सगळीकडे फिरतोय. मुलांना लावू द्यावं का?

उत्तर : खुशाल लावू द्या. त्यातून मेंदूत काहीही जात नाही. उलट तुमच्या कपाळातून निघणारे अवरक्त किरण ते आत घेतं. हे किरण सापडलेच मुळी तापमापकामुळे. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यावर तापमापकं ठेवली आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही पारा चढला.

उन्हातून किंवा घाम पुसत आलेल्या माणसाचं रीडिंग लगेच घेऊ नका, कारण कळतं ते कातडीचं तापमान, पोटातलं नव्हे. कारखान्यात वापरायच्या तापमापकाला नेम धरण्यासाठी लाल लेसर असतो, तो मात्र कुणाच्या डोळ्यांवर मारू नका. चकचकीत स्टीलच्या भांड्यात गरम पाणी घेऊन असं तापमापक बाहेरून रोखलंत तर आकडा हास्यास्पद कमी येईल. गुळगुळीत धातू स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि समोरच्या खोलीचे परतवतो. भांड्याला काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखा, आकडा लगेच वर जाईल.

प्रश्न : आईचा ऑक्सिमीटर थंडीत ८८ दाखवतो, हात चोळले की ९६. कुठला खरा मानायचा? (नाव छापू नका)

उत्तर : आधी महत्त्वाचं. आईंना धाप लागत असेल, ओठ निळसर वाटत असतील तर आकड्यांचा वाद नंतर, डॉक्टर आधी. तसं काही नसेल तर ऊबदार बोटावरचा, स्थिर झालेला आकडा धरा.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांनी ऑक्सिजन घेतलाय, तो हा आकडा. पण हे यंत्र ऑक्सिजनला हातही लावत नाही. बोटाच्या एका बाजूने ते दोन प्रकारचा प्रकाश सोडतं, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि ९४० चा अवरक्त, आणि पलीकडे किती पोचला ते बघतं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त जास्त; ऑक्सिजन सोडलेल्याचं उलट. पण बोटात हाडं, कातडी, शिरांतलं रक्त हेही प्रकाश खातातच. त्यातून धमनीचं रक्त वेगळं कसं काढायचं? जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात हे कोडं सोडवलं. नाडीच्या ठोक्याबरोबर जो भाग कमीजास्त होतो तेवढाच धमनीचा, बाकी सगळं वजा. थंड बोटात ठोकाच क्षीण होतो, मग यंत्र चाचपडतं. गडद नेलपॉलिशनेही चाचपडतं.

शेवटचा आकडा यंत्र कोष्टकातून काढतं. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांचं रक्त तपासून हे कोष्टक बनवतात. कुणालाही फार खाली नेता येत नाही, त्यामुळे ७० च्या खालचे आकडे अदमासाचेच. चांगल्या यंत्रातही दोनतीन टक्के इकडेतिकडे धरायचे. गडद त्वचेवर काही वेळा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे २०२० मध्ये एका मोठ्या अभ्यासात ठळकपणे दिसलं.

एक धोका मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. बंद खोलीत धूर किंवा जळता कोळसा असेल आणि कुणी गुंगल्यासारखं झालं असेल, तर ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. तो झकास ९८ दाखवेल. माणसाला उघड्यावर न्या आणि मदत बोलवा.

प्रश्न : फोन विमान मोडवर असूनही नकाशावर माझी जागा दिसत होती. मग फोन गुपचूप उपग्रहाशी बोलतो की काय?

उत्तर : बोलत नाही, ऐकतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत ‘मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत’ एवढंच सांगत असतात. ते फोनपर्यंत यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. त्या उशिरावरून अंतर निघतं. म्हणजे अंतराच्या नावाखाली फोन मोजतो ती वेळ. एक मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटरची चूक. फोनचं घड्याळ स्वस्तातलं असल्यामुळे तीन उपग्रहांवर भागत नाही, घड्याळाची चूक काढायला चौथा लागतो.

तिथल्या वेगामुळे उपग्रहाचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं आणि गुरुत्व कमी असल्याने ४५ ने पुढे जातं. गोळाबेरीज ३८ ने पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. म्हणून ही घड्याळं जमिनीवरच किंचित हळू लावून मग वर सोडतात. आइन्स्टाइनचं गणित दाखवा म्हणणाऱ्यांना मी नकाशाच दाखवते.

प्रश्न : मावशी, फोन खिशात असतो तरी माझी पावलं कशी मोजतो? त्याला पाय दिसतात का? (इयत्ता पाचवी)

उत्तर : पाय दिसत नाहीत रे, हिसके कळतात. फोनमध्ये सिलिकॉनचा एक अगदी चिमुकला तुकडा बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. तू पाऊल टाकलंस की तो जागचा हलतो आणि त्याच्या शेजारच्या पट्टीपासूनचं अंतर बदलतं. हे अंतर फोन विजेवरून ओळखतो. ठरावीक तालात हिसके आले की तो म्हणतो, पाऊल पडलं. तेव्हा त्याला फसवणं सोपं आहे. आधी तोंडाने मोजून शंभर पावलं चाल आणि फोन किती म्हणतो ते लिही. मग एका जागी बसून, फोन हातात धरून चालण्याच्या तालात हात शंभर वेळा हलव. तिसऱ्या खेपेला शंभर पावलं टाक, पण अगदी दबकत. तिन्ही आकडे मला पाठव, आणि फोन कुठल्या खिशात होता तेही लिहायला विसरू नकोस.